थरांच्या पाण्यात पोहणारे जीव: ढवळणं आणि मिसळणं यातला फरक टाकीत कसा मोजायचा

एप्रिलमध्ये खोल विहिरीत किंवा गावच्या तळ्यात पोहायला उतरलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं: छातीपर्यंतचं पाणी कोमट आणि पाय मात्र गार. वरचं पाणी तापून हलकं होतं, खालचं गार आणि जड राहतं. वारा वरवरचं पाणी हलवतो, पण हलकं पाणी जड पाण्याच्या खाली ढकलायला जोर लागतो, म्हणून हे थर आठवडेच्या आठवडे टिकतात. समुद्रात तापमानाच्या जोडीला मीठही असतं. आपल्या बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या भीमगडच्या जंगलात उगम पावणारी म्हादई गोव्यात मांडवी म्हणून समुद्राला मिळते. तिथे पावसाळ्यात गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत जातं, तेही असंच थरांचं पाणी.

या थरांमधून रोज रात्री कोट्यवधी बारीक जीव वर येतात आणि उजाडायला लागलं की खाली जातात. तळ्यांत पाणपिसवा आणि सायक्लॉप्स, समुद्रात कोपेपॉड आणि क्रिल. (सायक्लॉप्स म्हणजे ज्याच्यामुळे पायऱ्यांच्या विहिरींतून नारू पसरायचा, तोच.) एवढ्या जीवांच्या रोजच्या ये-जा करण्याने पाण्याचे थर मिसळतात का, हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. खोल पाण्यातलं खत वर येणं आणि वरचा प्राणवायू खाली जाणं या मिसळण्यावरच अवलंबून असतं.

शास्त्रज्ञांतही यावर बराच वाद झाला. २००६ मध्ये एरिक कुन्झ आणि सहकाऱ्यांनी कॅनडाच्या सानिच खाडीत क्रिलचे थवे वर सरकताना पाण्यातली खळबळ कित्येक पटींनी वाढलेली मोजली. पुढच्याच वर्षी आंद्रे व्हिसर यांनी हरकत घेतली: जीव बारीक, त्याने केलेले भोवरेही बारीक. असे भोवरे पाणी मिसळण्याआधीच चिकटपणामुळे जिरून जातात. खळबळ झाली म्हणजे मिसळलं असं नव्हे. २००९ मध्ये कतीजा आणि डबिरी यांनी पलाऊमधल्या जेलीफिशवर काम करून दाखवलं की पोहणारा जीव अंगाबरोबर पाणी ओढत नेतो. ही कल्पना चार्ल्स गॅल्टन डार्विन यांनी १९५३ मध्ये मांडली होती. २०१८ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या, कोळंबीसारख्या बारीक जीवाचा थवा खारट थरांच्या टाकीतून प्रकाशाच्या मागे वर-खाली नेला आणि थव्याएवढे मोठे भोवरे मोजले. मिठाचं मिसळणं नुसत्या रेणूंच्या पसरण्याच्या हजार पटींपर्यंत गेलेलं दिसलं.

हा शेवटचा प्रयोग लहान प्रमाणात शाळेत किंवा पीयू कॉलेजच्या लॅबमध्ये करता येतो. लेसर लागत नाही. चिकाटी मात्र लागते, आणि सुरुवात तीन आठवडे आधी करावी लागते, कारण जीव वाढवायला तेवढा वेळ जातो. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला दाखवायचं असेल तर जानेवारीच्या शेवटी अंडी भिजत घाला.

जीव कुठला घ्यायचा

आर्टेमिया. मत्स्यालयाच्या दुकानात माशांच्या पिल्लांचं खाद्य म्हणून त्याची सुकी अंडी बाटलीत मिळतात. बेळगावात किंवा कोल्हापुरात चौकशी केली तर सापडतात. तळ्यातल्या पाणपिसवा फुकट मिळत असल्या तरी या प्रयोगाला चालत नाहीत, कारण त्या गोड्या पाण्यातल्या. मिठाच्या थरात टाकल्या तर मरतात. त्यांच्यासाठी तापमानाचे थर करावे लागतील, पण उष्णता मिठाच्या साधारण शंभर पट वेगाने पसरते. २ सेंटिमीटर अंतर पसरायला मिठाला दीड दिवस लागतो, उष्णतेला अवघी पंचवीसेक मिनिटं. थर आपोआपच विस्कटत असेल तर जीवांनी काय केलं ते कळणार कसं? म्हणून मीठ.

अंड्यांची चिमूट पुरे. चांगल्या प्रतीच्या एका ग्रॅममध्ये दोन लाखांच्या वर अंडी असतात, आपल्याला शेवटी हवेत चारपाचशे प्रौढ जीव. १ लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात पाव चमचा अंडी टाका. खाली निमुळती होत जाणारी बाटली उलटी धरून घेतली तर उत्तम. एअर पंपाने सतत हवा द्या आणि वर दिवा ठेवा. २५ ते २८ अंशांत २४ तासांत पिल्लं निघतात. डिसेंबर-जानेवारीत बेळगावच्या थंडीत पाणी रात्री २० अंशांखाली जातं आणि फुटायला दोन दिवस लागतात किंवा अर्धीच फुटतात. शेजारी ४० वॅटचा साधा बल्ब ठेवून बाटली पुठ्ठ्याच्या खोक्यात झाका. लाईट जाणाऱ्या भागात बॅटरीवर चालणारा पंप जवळ असू द्या. हवा बंद पडली की अंडी तळाशी बसतात आणि गुदमरतात.

पिल्लं दिसली की हवा थांबवा. दहा मिनिटांत रिकामी टरफलं वर येतात आणि नारिंगी पिल्लं प्रकाशाकडे गोळा होतात. तिथून नळीने ओढून घ्या. टरफलं बरोबर आली तर ती सडून पाणी नासतं, तेवढं जपा.

वाढवायला १० लिटरचा पसरट टब, लिटरला ३० ते ३५ ग्रॅम मीठ आणि मोठ्या बुडबुड्यांची हवा लागते. एअर स्टोन लावू नका. त्याचे बारीक बुडबुडे पिल्लांच्या पायांत अडकतात आणि ती वर तरंगत राहतात. पहिला दिवस खाणं नको, पिल्लाच्या अंगात पिवळा बलक असतोच. दुसऱ्या दिवसापासून चिमूटभर यीस्ट किंवा स्पिरुलिना पूड १०० मिली पाण्यात कालवून थोडी थोडी घाला. पाणी किंचित धुरकट व्हावं आणि दुसऱ्या दिवशी निवळावं, एवढंच प्रमाण. निवळलं नाही तर त्या दिवशी उपास. सगळ्यात जास्त टब याच चुकीने मरतात, जास्त यीस्टने, आणि वास येईपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. दोन-तीन आठवड्यांत जीव सेंटिमीटरभर होतात.

नुसत्या पिल्लांवर प्रयोग का करू नये? अर्ध्या मिलिमीटरचं पिल्लू सेकंदाला दोनेक मिलिमीटर सरकतं. त्याला पाणी मधासारखं वाटतं. त्याने ढकललेलं पाणी तिथेच थांबतं. सेंटिमीटरभर प्रौढ सेकंदाला सेंटिमीटरभर जातो आणि पाण्याला थोडा तरी झोत देतो. वेळ असेल तर पिल्लांवरही एक फेरी घ्याच. काही घडत नाही हे मोजून दाखवणं हा या प्रयोगातला खरा धडा आहे.

टाकी

फिश टँक बनवणाऱ्याकडून १५ × १५ सेंमी तळाची आणि ४५ सेंमी उंचीची काचेची टाकी करून घ्या. ५ मिमी काच पुरते. ४० सेंमीपर्यंत भरली की ९ लिटर पाणी. एकसारख्या दोन टाक्या हव्यात. दुसरी बिनजिवांची, तिच्याशी तुलना करायची असते. दुसऱ्या टाकीचा खर्च नको म्हणून प्रयोग अर्धवट केलेला बघवत नाही, कारण तिच्याशिवाय निष्कर्षाला काही अर्थ नाही. सिलिकॉनचा व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत टाकी पाण्याने दोन-तीनदा भरून ओता.

टाकी मधोमध भोक असलेल्या लाकडी स्टँडवर ठेवा म्हणजे खालूनही प्रकाश देता येतो. दिवे एलईडीचेच, आणि काचेपासून १५ सेंमी लांब. तळाशी १ अंश ऊब वाढली तरी पाणी घनमीटरला साधारण पाव किलोने हलकं होऊन वर उठायला लागतं. थर मोडण्याएवढं ते नाही, पण खालचा थर ढवळायला पुरेसं आहे, आणि तुम्हाला वाटेल जीवांनीच केलं.

मीठ आणि पाणी

खडे मीठ घ्या. पुड्यातल्या बारीक मिठात गुठळी होऊ नये म्हणून घातलेले पदार्थ पाणी गढूळ करतात. आयोडीनची भीती नको, अडचण गढूळपणाची आहे. वरच्या थराला ४.५ लिटरमध्ये ९० ग्रॅम (लिटरला २०), खालच्याला ४.५ लिटरमध्ये १३५ ग्रॅम (लिटरला ३०). दोन थरांच्या घनतेत घनमीटरला सुमारे ७ किलोचा फरक पडतो. खडे मिठात ओल असते, म्हणून वजनावर विसंबू नका, शेवटी मीटरने तपासा. सुती कापडातून गाळा.

नळाचं पाणी २४ तास उघडं ठेवा. क्लोरीन जातं, आणि मुरलेली हवा निघून जाते. ताज्या पाण्यात काचेवर बुडबुडे धरतात, ते सुटले की थरातून चर पाडत वर जातात. बोअरचं पाणी असेल तर आधी टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) बघून ठेवा. गोव्याहून समुद्राचं पाणी आणलं तरी चालेल, पण पावसाळ्यात नदीच्या मुखाजवळचं नको.

दोन्ही बादल्या एकाच खोलीत रात्रभर शेजारी ठेवा. गच्चीवरच्या टाकीतलं ऊन पाणी एका थराला आणि विहिरीचं गार दुसऱ्याला वापरलं, तर मिठाबरोबर उष्णतेचेही प्रवाह सुरू होतात आणि कशाचा परिणाम कुठला ते सांगता येत नाही. मिठाऐवजी एका थरात साखर वापरायचा मोहही टाळा. मिठाच्या पाण्यावर साखरेचं पाणी ठेवलं तर साखर सावकाश आणि मीठ वेगाने पसरतं, आणि सीमेवर बोटांसारखे बारीक झोत आपोआप सुटतात. दिसायला सुंदर, पण वेगळाच प्रयोग.

रंगासाठी खालच्या थरात निळ्या खाद्यरंगाचे ४-५ थेंब. पोटॅशियम परमँगनेट नको, त्याने जीव मरतात.

थर भरणं

आधी टाकीत वरच्या थराचं, म्हणजे हलकं पाणी ओता. मग निळं जड पाणी वरच्या फळीवरच्या बादलीतून एअर पंपाच्या नळीने थेट तळाशी सोडा. नळीला प्लॅस्टिकचा व्हॉल्व्ह लावा आणि नळी आधीच पाण्याने भरून घ्या. आत हवा राहिली तर बुडबुडे सगळं उधळतात. पहिले ३-४ सेंमी अगदी सावकाश सोडा, नंतर मिनिटाला १०० मिली. पूर्ण भरायला पाऊण तास. घाई केली तर झोत सीमा फोडतो आणि एका स्पष्ट रेषेऐवजी १० सेंमीचा फिकट पट्टा तयार होतो. तसं झालं तर ओतून द्या आणि पुन्हा भरा, दुरुस्त होत नाही. नळी काढताना चिमटा लावून सरळ वर उचला.

वरून काचेचं झाकण ठेवा. बाष्पीभवनाने पृष्ठभाग गार आणि खारट होतो, ते पाणी खाली बुडतं आणि वरचा थर हलत राहतो. टाकी उन्हात किंवा पंख्याखाली नको.

नमुने घ्यायची सोय

टाकी भरण्याआधीच एका कोपऱ्यात प्लॅस्टिकची पट्टी उभी करून तिला औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या बेबी फीडिंग ट्यूब (६ नंबर) बांधा. टोक बंद असतं आणि भोकं बाजूला, म्हणून टोक सरळ कापून टाका. पृष्ठभागापासून ५, १२, १७, २०, २३, २८ आणि ३५ सेंमी खोलीवर एकेक ट्यूब. नंतर सिरिंज बुडवून नमुना घ्यायचा म्हटलं तर तुमचा हातच जीवांपेक्षा जास्त ढवळेल. नळीत अर्धा-पाऊण मिली जुनं पाणी असतं, म्हणून पहिला १ मिली टाकून द्यायचा आणि पुढचा २ मिली घ्यायचा.

पेनासारखे स्वस्त टीडीएस मीटर एवढं खारट पाणी मोजत नाहीत. २ मिली नमुना ९८ मिली आरओच्या पाण्यात घाला, म्हणजे ५० पट पातळ होतो. लिटरला २० ग्रॅमचं पाणी साधारण ४०० दाखवेल, ३० ग्रॅमचं ६०० च्या आसपास. आरओ पाण्याचं स्वतःचं रीडिंग त्यातून वजा करा. १ ग्रॅमचा फरक म्हणजे २० अंक, आणि सिरिंजची चूक सहज १० अंकांची होते. म्हणून प्रत्येक नमुना तीनदा, किंवा सोनाराच्या छोट्या डिजिटल काट्यावर वजन करून. कोळंबीवाले वापरतात तो रिफ्रॅक्टोमीटर मिळाला तर दोन थेंबांत काम होतं, मात्र त्यावर १ ग्रॅमच्या खालचा फरक दिसत नाही.

प्रत्यक्ष फेरी

टाकी भरून तासभर थांबा आणि पहिले नमुने घ्या. जीवांना आधी दोन तास लिटरला २० ग्रॅमच्या पाण्यात ठेवलेलं असू द्या. मग १०० मिली पाण्यासकट काठावरून अलगद सोडा. दुसऱ्या टाकीतही तेवढंच, जीव नसलेलं पाणी घाला.

आधी एका ग्लासात जीवांची प्रकाशाला प्रतिक्रिया बघून घ्या. अंधारात राहिलेले प्रौढ फार प्रखर प्रकाशापासून कधी कधी दूर पळतात. दिव्यावर पातळ कागद लावून तीव्रता कमी केली की बहुधा वळतात. खोलीत अंधार करा आणि निरीक्षणाला लाल दिवा वापरा, त्याकडे ते फारसे वळत नाहीत.

खालचा दिवा १० मिनिटं, वरचा १० मिनिटं. असे तासाला तीन फेरे, किमान तीन तास. दोन्ही टाक्यांना सारखाच प्रकाश. ४० सेंमी अंतर जायला मिनिटभर पुरतं, उरलेला वेळ मागे राहिलेल्यांसाठी. नुसता दिवा घालवून ते खाली जातील अशी वाट बघू नका, ते इकडेतिकडे भरकटतात. सीमेपाशी येऊन बरेच जीव थबकले तर पुढच्या वेळी खालचा थर लिटरला २६ ग्रॅम ठेवा.

पहिल्यांदा ५०, मग १५०, मग ४०० जीव, प्रत्येक वेळी नव्याने भरलेल्या टाकीत. मोजायला प्लॅस्टिकच्या ड्रॉपरने दहा-दहाचे गट करा. ५० जीव पार होताना प्रत्येकामागे निळ्या पाण्याची एक बारीक शेपटी वर येते आणि क्षणात परत बुडते. ४०० एकत्र उठले की चित्र पालटतं. प्रत्येक जीव पाण्याहून थोडा जड, वर राहायला तो पाणी खाली ढकलतो. गर्दीत हे छोटे झोत एकमेकांना मिळून थव्याच्या रुंदीचा एकच झोत खाली उतरतो, आणि त्याची जागा घ्यायला कडेने पाणी वर चढतं. व्हिसर यांची हरकत एकट्या जीवाला लागू पडते, थव्याला तितकीशी नाही, ते इथे डोळ्यांनी दिसतं.

रंगाशिवायही बघता येतं. अंधाऱ्या खोलीत ३ मीटरवरून मोबाइलचा टॉर्च टाकीतून आरपार पलीकडच्या बटर पेपरवर पाडा. कमी-जास्त खारट पाणी प्रकाश वेगवेगळा वाकवतं, त्यामुळे सीमा चमकदार रेषेसारखी आणि भोवरे सावल्यांसारखे उमटतात. प्रेक्षकांना दाखवायला याहून चांगली युक्ती नाही. मात्र त्या टॉर्चकडे जीव वळतात, म्हणून दहा-दहा सेकंदच लावा.

ढवळलेलं की मिसळलेलं

इथेच बहुतेक प्रयोग फसतात. तीन तासांनी वरचा थर निळसर दिसतो आणि मुलं टाळ्या वाजवतात. पण वर ओढलेलं जड पाणी अजून जडच असेल तर ते परत खाली बसणार. ते ढवळणं. वरच्या पाण्यात त्याचं मीठ कायमचं सुटलं तरच मिसळणं. म्हणून फेरे संपले की मंद दिव्याने सगळे जीव पृष्ठभागापाशी गोळा करा, अर्धा तास थांबा, आणि मगच नमुने घ्या. रंगावरून निष्कर्ष काढू नका. रंगाचे रेणू मिठाहून सावकाश पसरतात आणि फिकट निळा डोळ्याला आहे त्यापेक्षा जास्त वाटतो.

हिशोब असा. समजा, बिनजिवांच्या टाकीतली वाढ वजा केल्यावर वरच्या २० सेंमी थराची सरासरी एका तासात लिटरला १ ग्रॅमने वाढली. लिटरला १ ग्रॅम म्हणजे घनमीटरला १ किलो. ०.२ मीटर गुणिले १ किलो भागिले ३६०० सेकंद, म्हणजे दर चौरस मीटरमधून सेकंदाला ०.००००५६ किलो मीठ वर गेलं. सीमा ४ सेंमी जाडीची आणि दोन्ही बाजूंच्या मिठात घनमीटरला १० किलोचा फरक, म्हणजे मीटरला २५० किलोचा चढ. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की ०.००००००२२ येतं. दहा लाखांच्या भाषेत ते सोपं जातं: सेकंदाला एका चौरस मीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला ०.२२ भाग. नुसत्या रेणूंमुळे मीठ पसरतं तो आकडा याच मापात ०.००१५. म्हणजे सुमारे १५० पट. हे आकडे रीत कळावी म्हणून घेतले आहेत, तुमचे वेगळे येतील. ५० जीवांच्या फेरीत गुणोत्तर १ च्या आसपासच राहिलं तर प्रयोग बिघडलेला नाही.

एक मर्यादा ध्यानात ठेवा. १५ सेंमी रुंदीच्या टाकीत भोवरा काचेला अडतो, आणि भिंतीलगत वर चढणारं पाणी खुल्या तळ्यात तसं चढेलच असं नाही. म्हणून टाकीतला आकडा उचलून राकसकोप किंवा हिडकलच्या जलाशयाला लावू नये. तिथे वारा, पावसाळ्यात येणारं नदीचं पाणी आणि रात्रीचा गारवा ही मिसळणारी मोठी बळं आहेत.

आवराआवर

जीव चहाच्या गाळणीने गाळून टबात परत ठेवा किंवा माशांना घाला, विहिरीत किंवा तळ्यात सोडू नका. दोन टाक्यांच्या पाण्यात मिळून जवळपास ४५० ग्रॅम मीठ असतं, ते परसातल्या झाडांना न घालता गटारात सोडा. ट्यूब लगेच गोड्या पाण्याने धुवा. एकदा आत मीठ सुकलं की ६ नंबरची नळी तुंबते आणि पुढच्या फेरीला नवीन आणावी लागते.